बहिणींमधले साडेचार महिने

आमच्या इमारतीत तिला सगळे दातवाल्या ताई म्हणतात. ती दातांची डॉक्टर नाही. डॉक्टर पेशंटच्या तोंडातलं माप घेऊन तिच्या लॅबमध्ये पाठवतात, आणि त्या मापावरून ती कवळ्या आणि कॅप बनवते. प्लास्टरचा साचा, त्यावर मेण, मेणात एकेक दात बसवायचा, मग खालचा आणि वरचा जबडा बिजागरीवर चाववून बघायचा. माणूस समोर नसताना त्याचं हसू जुळवायचं, असं हे काम. माझी वरची कवळी तिनेच केली आहे. ती इतकी चपखल बसते की माझ्या सख्ख्या भावाला अजून पत्ता नाही.

मी तिच्या खालच्या मजल्यावर राहते. पोस्टात काउंटरमागे एकतीस वर्षं काढली आणि निवृत्त झाले. अर्ज, शिक्के, पावत्या यांत माझं अर्धं आयुष्य गेलं. म्हणून ती कुठलाही सरकारी कागद आला की आधी माझ्याकडे घेऊन यायची. पुढे जे घडलं त्यात थोडी चूक माझीही आहे, हे मी आधीच सांगून टाकते.

ती या देशात आली तेव्हा तिची मुलगी चार वर्षांची होती. मुलगी दीड वर्षाची असतानाच नवरा अपघातात गेलेला. मुलीला तिने तिकडे धाकट्या बहिणीपाशी ठेवलं आणि एक बॅग घेऊन इथे उतरली. परवाना दोन-दोन वर्षांनी वाढवून घ्यायचा, आणि त्यावर लॅबच्या मालकाचं नाव छापलेलं. म्हणजे काम करायचं ते त्याच माणसाकडे. तो माणूस भला होता, पण तिसऱ्या वर्षी त्याला अर्धांगवायू झाला आणि त्याच्या मुलांनी लॅब विकून टाकली. नेमका मुलीला आणायचा अर्ज तेव्हाच मंजूर होत आला होता. साठ दिवसांत दुसरं काम मिळालं नाही तर देश सोडा, असं पत्र आलं. त्या साठ दिवसांत तिने शहरातल्या सगळ्या लॅब पालथ्या घातल्या. बरोबर एक डबी असायची. डबीत तिने केलेले सहा दात. कोणाला काही सांगत बसायची नाही, डबी उघडून टेबलावर ठेवायची. पन्नासाव्या दिवशी एका लॅबवाल्या बाईंनी ते दात खिडकीपाशी नेऊन उजेडात पाहिले आणि म्हणाल्या, "सोमवारी या." ती आजही त्यांच्याकडेच आहे.

मुलगी आली तेव्हा सात वर्षांची होती. विमानतळावर ती आईला ओळखत होती, पण आईच्या कडेवर जाईना. पहिले काही महिने रोज मावशीला फोन लावून द्यायला लागायचा. ती मावशीला 'लहान आई' म्हणते, अजूनही.

पाच वर्षं परवान्यावर गेली, मग कायम राहण्याची परवानगी मिळाली. त्यानंतर पाच वर्षांनी नागरिकत्वाचा अर्ज करता यायचा. चौथं वर्ष संपत आलं आणि सरकार बदललं. नव्या सरकारने पाचाची सात केली. जे आधीपासून रांगेत होते त्यांनाही तोच नियम. ती बातमी वाचून ती माझ्याकडे आली, खुर्चीत बसली आणि म्हणाली, "मावशी, मी धावतेय आणि हे शर्यतीची शेवटची दोरीच पुढे नेतायत." एवढंच. मग उठून कामावर गेली.

ती वाढलेली दोन वर्षं तिने अभ्यासात घालवली. भाषेची परीक्षा आणि राज्यकारभाराची परीक्षा. संध्याकाळी माझ्याकडे येऊन प्रश्न घोकायची. वरच्या सभागृहात किती सदस्य असतात, न्यायाधीशाची नेमणूक कोण करतं. मी पुस्तक हातात धरून विचारायचे, आणि खरं सांगते, पुस्तक मिटलं असतं तर निम्म्या प्रश्नांना माझीच दातखिळी बसली असती. मी इथे जन्मले म्हणून मला कोणी विचारलं नाही, इतकंच. दोन्ही परीक्षा ती पहिल्या फटक्यात पास झाली.

मग अर्ज. चोवीस पानं. त्यात एक रकाना स्वतःचा, आई-वडिलांचा आणि भावंडांचा, नाव, जन्मस्थळ, जन्मतारीख. बहिणीची तारीख तिला पाठ नव्हती. तिने फोन केला, बहिणीने ओळखपत्रावरून वाचून दाखवली, हिने लिहिली. मी अर्ज तीनदा तपासला. एकेक शिक्का, एकेक सही. माझ्या काउंटरवरून चुकीचा पिनकोड कधी सुटला नाही. पण त्या रकान्यात दोघी बहिणींच्या तारखा एकाखाली एक होत्या आणि मला दिसल्या नाहीत.

दिसल्या त्या मुलाखतीतल्या अधिकाऱ्याला.

मुलाखतीहून ती थेट माझ्याकडे आली. पाणी दिलं तर ग्लास तसाच हातात धरून बसली.

"काय झालं?"

"ते म्हणाले, तुमचा जन्म पंधरा एप्रिलचा. तुमच्या बहिणीचा त्याच वर्षी एक सप्टेंबरचा. मधे साडेचार महिने. एका आईला हे कसं जमलं?"

मी अर्जाची प्रत काढली. बोटांवर मोजलं, परत मोजलं. साडेचारच.

"तुला माहीत नव्हतं?"

"आमच्याकडे तारखा कोण बघतं? ती माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान. मी तिला कडेवर घेऊन फिरलेय. तारीख शाळेत दिली, ती कार्डावर आली. कधी दोन्ही कार्डं शेजारी ठेवलीच नाहीत."

अधिकाऱ्याने अर्ज थांबवला होता. दोघींपैकी एकीची तारीख खोटी आहे, किंवा दोघी बहिणी नाहीत. काय ते लेखी आणि पुराव्यासकट कळवा, नव्वद दिवसांत. नाहीतर खोटी माहिती दिली असं धरून अर्ज फेटाळू.

आणखी एक टांगती तलवार होती. मुलगी सतरा वर्षांची झाली होती. आईचा अर्ज मंजूर झाला तर अठराच्या आतल्या मुलीला आपोआप नागरिकत्व मिळणार. एकदा अठरा उलटली की तिची वाट वेगळी, पुन्हा पहिल्या पायरीपासून. वाढदिवसाला आठ महिने उरले होते.

ती एका सल्लागाराकडे गेली. बाजारातल्या गल्लीत, फोटो काढायच्या दुकानावर त्याचं ऑफिस. मीही बरोबर गेले. त्याने कागद पाहिले, पेन टेबलावर आपटत थोडा विचार केला आणि म्हणाला, "सोपं आहे. सावत्र बहीण म्हणून लिहून द्या. वडील एक, आया दोन. साडेचार महिने काय, साडेचार दिवस असले तरी कोणी विचारणार नाही."

"पण ती सावत्र नाही," ती म्हणाली.

"ते मला माहितेय. त्यांना माहीत नाही."

"सख्खी आहे ती माझी."

"ताई, ही काही इस्टेटीची वाटणी नाही. एका ओळीचं काम आहे. पंधरा दिवसांत मोकळ्या व्हाल."

तिने कागद गोळा केले, त्याला नमस्कार केला आणि जिना उतरली. खरं सांगायचं तर मला त्या माणसाचं म्हणणं पटत होतं. बसमध्ये मी तसं बोलूनही दाखवलं. मुलीचा विचार कर म्हणाले. घरी आल्यावर तिने बहिणीला फोन लावला, स्पीकरवर, माझ्यासमोरच.

धाकटीने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "लिहून टाक ना ताई. कागदावरच तर आहे. मी काय लगेच सावत्र होणार आहे का?"

"तू माझी पोरगी तीन वर्षं सांभाळलीस."

"म्हणून तर सांगतेय. तिचं नुकसान नको."

"उद्या शपथ घेताना मला म्हणावं लागेल की मी दिलेली सगळी माहिती खरी आहे. तुला सावत्र करून मी ते म्हणू?" मग धाकटी हळूच म्हणाली, "बरं. मग मी मास्तरांना शोधते."

हे मास्तर म्हणजे त्यांच्या गावात पहिली शाळा काढणारे. त्यांच्याआधी गावात शाळाच नव्हती. दोघी बहिणींची नावं एकाच दिवशी, एकाच वर्गात दाखल झाली होती. तारखा तिथेच पडल्या असणार, एवढं धाकटीच्या लक्षात आलं. मास्तर निवृत्त होऊन पंचवीस वर्षं झाली होती. कोणी म्हणालं गेले, कोणी म्हणालं मुलाकडे असतात. धाकटीने दोन बस बदलून तालुक्याचं गाव गाठलं, औषधाच्या दुकानांत चौकशी केली, कारण म्हाताऱ्या माणसाला औषधवाला ओळखतोच, आणि तिसऱ्या दुकानात पत्ता मिळाला.

मास्तर होते. वय शहाऐंशी, कानाने कमी, बाकी ठणठणीत.

रविवारी सकाळी व्हिडिओ कॉल झाला. इकडे आम्ही तिघी, तिकडे धाकटी आणि मास्तर. धाकटीला प्रत्येक वाक्य त्यांच्या कानाशी मोठ्याने बोलावं लागत होतं. त्यांनी पडद्यावर हिला नीट न्याहाळलं.

"तू मोठी ना? पाटीवर उलटा चार काढायचीस."

"हो मास्तर."

"ऐक. शाळा उघडली तेव्हा वरून हुकूम होता, पहिलीत फक्त सहा ते साडेसहा वर्षांची मुलं घ्यायची. आता गावात शाळाच नव्हती तर आठ-आठ, नऊ-नऊ वर्षांची मुलं तशीच बसलेली. त्यांचं काय करू? परत पाठवू? तुझे वडील म्हणाले, ओढा ओलांडून जायचं आहे, जातील तर दोघी एकत्र जातील, नाहीतर एकही नाही. मग मी दोन तारखा ठरवल्या. मोठ्यांना पंधरा एप्रिल, लहानांना एक सप्टेंबर. जो उंच दिसला तो एप्रिलचा."

मुलगी हसायला लागली. हिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"म्हणजे मास्तर, सगळ्या वर्गाच्या..."

"सगळ्या वर्गाच्या. सदतीस मुलं. साहेब तपासणीला आले तेव्हा त्यांनीही पाहिलं आणि पान उलटलं." ते पडद्याजवळ सरकले. "मी खोटं लिहिलं, बाळ. तेव्हा चुकीचं वाटलं नाही आणि आताही वाटत नाही. पण त्याचा त्रास तुला एवढ्या लांब होईल हे डोक्यात आलं नव्हतं."

ती म्हणाली, "मास्तर, तुम्ही नसतं लिहिलं तर मी इथपर्यंत आलेच नसते."

शाळेत नावनोंदणीची ती जुनी वही अजून होती. पत्र्याच्या पेटीत, नकाशांच्या गुंडाळ्यांखाली. आताच्या मुख्याध्यापिका बाईंनी त्या पानाची प्रत शिक्का मारून दिली. मास्तर स्वतंत्र पत्र लिहून देणार होते. त्यांच्या मुलाने टाइप करून देतो म्हटलं, तर ते ऐकेनात. वहीतलं अक्षर आणि पत्रातलं अक्षर एकच आहे हे त्या अधिकाऱ्याला दिसलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. हात थरथरत होता म्हणून दीड पानाला चार दिवस लागले. मी पोस्टातली बाई. माझ्या डोक्यात हे यायला हवं होतं, ते त्या शहाऐंशी वर्षांच्या माणसाच्या डोक्यात आलं.

कागद पोचले, भाषांतर झालं, वकिलाचा शिक्का झाला. सगळं दाखल केलं तेव्हा नव्वदातले एकाहत्तर दिवस गेले होते. दोन महिन्यांनी तिला पुन्हा बोलावणं आलं. या वेळी मीही गेले. आत सोडतील असं वाटलं नव्हतं, पण ओळखीची व्यक्ती म्हणून कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसू दिलं.

खोली लहान. एक टेबल, मान मोडलेला पंखा, भिंतीवर वर्ष उलटून गेलेलं कॅलेंडर. अधिकारी पन्नाशीचा, शर्टाच्या खिशात दोन चष्मे. तो हळूहळू वाचत होता. आधी मास्तरांचं पत्र, मग भाषांतर. मग वहीचं पान समोर ओढून त्याने पेनचं टोक पहिल्या नावावर ठेवलं आणि खाली यायला लागला. पंधरा एप्रिल. पंधरा एप्रिल. एक सप्टेंबर. पंधरा एप्रिल. त्याचे ओठ हलत होते. पानाच्या तळाशी पोचल्यावर तो परत वर गेला आणि दोन्ही तारखांची मुलं वेगवेगळी मोजली. मग पत्र आणि पान शेजारी ठेवून चष्मा बदलला आणि अक्षर जुळवून पाहिलं. मास्तरांचा अंदाज खरा ठरला.

"एकोणीस आणि अठरा," तो म्हणाला.

"हो साहेब."

"मग तुमची खरी जन्मतारीख कोणती?"

"माहीत नाही. आई म्हणायची, गावची विहीर खणत होते त्या दिवसांत झालीस."

"विहिरीची नोंद कुठे असेल का?"

ती गंभीरपणे म्हणाली, "बहिणीला विचारून सांगते."

तो पहिल्यांदा हसला. आणि हिची नजर कुठे गेली ते मला लगेच कळलं. त्याच्या पुढच्या दातावर कॅप होती आणि शेजारच्या दातापेक्षा ती चांगली एक छटा पांढरी होती. मी मनातल्या मनात म्हटलं, बाई, आज तेवढं बोलू नकोस. ती बोलली नाही. पण बाहेर आल्यावर जिन्यात पहिलं वाक्य तेच, "कोणी केली असेल हो ती कॅप?"

आम्ही निघताना त्याने तिला एक प्रश्न विचारला होता. सावत्र बहीण असं लिहून दिलं असतं तर इतकी खटपट करावी लागली नसती, हे कोणी सुचवलं नाही का तुम्हाला? ती म्हणाली, सुचवलं होतं. त्याने फाइलमध्ये दोन ओळी लिहिल्या. काय लिहिलं ते आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही.

त्यानंतर अकरा आठवडे काहीच नाही. ती कामावर जायची, यायची, जिन्यातल्या टपालाच्या पेटीत डोकावायची. मुलीने वाढदिवसाबद्दल बोलणंच बंद केलं होतं. एकदा मी तिला विचारलं, नाहीच झालं तर? ती म्हणाली, "आजी, मग मी माझा अर्ज माझा करीन. आईने मला इथवर आणलं, पुढचं मला चालता येतं." सतरा वर्षांची पोर. पण नखं पार कुरतडून ठेवलेली होती.

पत्र एका बुधवारी आलं. अर्जदाराची जन्मतारीख अंदाजे असून ती शाळेने नोंदवली आहे, तीत अर्जदाराचा फसवण्याचा हेतू दिसत नाही, भगिनीचं नातं मान्य करण्यात येत आहे, अर्ज मंजूर. 'भगिनीचं नातं मान्य' ही ओळ तिने मला चार वेळा वाचायला लावली. मुलीच्या वाढदिवसाला पाच आठवडे बाकी होते. तारीख मात्र पंधरा एप्रिलच राहणार होती, कारण दुसरी कुठली नव्हतीच. म्हणजे कागदोपत्री ती दोन वर्षं लहानच. लॅबमधल्या बाई म्हणाल्या, छान झालं, दोन वर्षं उशिरा निवृत्त होशील.

शपथविधी एका जुन्या सभागृहात झाला. बासष्ट माणसं होती. एक बाप तान्ह्या मुलाला खांद्यावर टाकून, एक आजी काठी टेकत, एक ड्रायव्हर गणवेशातच, कारण दुपारची पाळी होती. मी आणि लॅबवाल्या बाई मागच्या रांगेत. सगळ्यांनी एका सुरात शपथ म्हटली, पण काहींचा सूर पुढे, काहींचा मागे. 'निष्ठा' या शब्दापाशी तिची जीभ सरावातही अडखळायची, तिथे ती त्या दिवशीही बहुतेक अडखळली असेल. बासष्ट आवाजांत कोणाला कळतंय. मुलगी शेजारी उभी होती, आईपेक्षा एक वीत उंच. धाकटी फोनवर सगळं बघत होती. फोन माझ्या हातात होता आणि मी अर्धा वेळ तिला छत दाखवत होते, असं तिने नंतर सांगितलं.

पुढे पासपोर्ट झाल्यावर मायलेकी तिकडे जाऊन आल्या. मास्तरांना भेटल्या. तिने जाताना माप घ्यायचं सामान नेलं होतं. मास्तरांची कवळी सैल झाली होती आणि जेवताना ती काढून ठेवावी लागायची. इकडे येऊन तिने नवी बनवून पाठवली.

परत आल्यावर तिसऱ्या आठवड्यात ती एक कागद घेऊन माझ्याकडे आली. मला वाटलं आणखी कुठला अर्ज. बघते तर नगरपालिकेला तक्रार. आमच्या कोपऱ्यावरच्या बसथांब्याचं छप्पर गळतं, बाकाची एक फळी गायब आहे, वगैरे. भाषा अगदी परीक्षेच्या पुस्तकातली.

"हे छप्पर तर किती वर्षं गळतंय," मी म्हणाले. "आजवर का नाही लिहिलंस?"

"आजवर वाटायचं, आपलं नाव कुठल्याही कागदावर नको त्या कारणाने जायला नको. घरमालकाशी भांडले नाही, बसमध्ये कोणाला सरका म्हटलं नाही. तेरा वर्षं." तिने पेन काढलं. "आता बघू काय करतात."

मी दोन शब्द सुधारले. सही तिने केली, मोठी, ओळीच्या बाहेर जाणारी. उत्तर महिन्याने आलं. 'आपली तक्रार विचाराधीन आहे.' अशी हजार पत्रं मी हाताळली आहेत, म्हणून मी तिला म्हटलं, फार आशा धरू नकोस. ती म्हणाली, आशेचं काही नाही, मी दुसरं पत्र लिहिते. आतापर्यंत तिची तीन पत्रं गेली आहेत. गेल्या मंगळवारी दोन माणसं शिडी घेऊन आली, छपरावर चढून पाहिलं आणि एक फळी बसवून गेली. छप्पर पुढच्या महिन्यात करू म्हणालीत.